पाळीव उंदराचें पथ्यपाणी

उंदीर हें नांव निघालें कीं घरांतील वडील माणसांच्या कपाळास आठी पडते. धान्याच्या पोत्यास पडलेलें भोंक, कपाटांतील कुरतडलेलें नवें वस्त्र, मध्यरात्रीं माळ्यावर चाललेली धांवाधांव, इतक्या गोष्टी त्या एका नांवाबरोबर डोळ्यांपुढें उभ्या राहतात. आणि ज्या घराण्यांत मुंबईच्या किंवा पुण्याच्या प्लेगच्या आठवणी आजी-पणजीकडून चालत आल्या आहेत, तेथें तर त्याहूनहि भयंकर गोष्टीची आठवण होते. भाद्रपदांत गणपतीच्या पायाशीं बसलेल्या मूषकास भक्तिभावानें फूल वाहणारें घर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं सापळ्याला भज्याचा तुकडा लावतें. अशा घरांत एखाद्या मुलानें पांढरा उंदीर पाळण्यासाठीं आणला म्हणजे वाद होणें क्रमप्राप्तच आहे. वाद मिटतो, उंदीर राहतो, आणि मग सर्वांच्या लक्षांत येतें कीं या प्राण्याला काय खावयास घालावें, आणि तो अंग खाजवूं लागला तर काय करावें, हें कोणालाच नीट ठाऊक नाहीं. पुढील विवेचन या दोन प्रश्नांपुरतें आहे.

प्रथम हा उंदीर कोण, हें पाहिलें पाहिजे. माळ्यावर वावरणारा, काळसर रंगाचा, लांब शेपटीचा चपळ उंदीर ही एक जाति. आणि बिळें करून राहणारा, अंगानें थोराड असा तपकिरी उंदीर ही दुसरी. बाजारांत मिळणारा पांढरा किंवा ठिपक्यांचा पाळीव उंदीर या दुसऱ्या जातीचा वंशज आहे. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्यें उंदरांवर कुत्रे सोडून पैजा लावण्याचा खेळ चालत असे. त्या खेळासाठीं उंदीर पकडणाऱ्यांच्या हातीं क्वचित् पांढरे किंवा चित्रविचित्र रंगांचे उंदीर लागत, ते वेगळे काढून ठेवले जात. लंडनमधील जॅक ब्लॅक नांवाचा उंदीर पकडणारा अशा रंगीत उंदरांच्या पैदाशीसाठीं प्रसिद्ध होता. पुढें १९०१ सालीं मेरी डग्लस या बाईंच्या पुढाकारानें आयल्सबरी येथील प्रदर्शनांत पाळीव उंदीर मांडले गेले. आणि १९०६ मध्यें फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेंत प्रयोगांसाठीं पांढऱ्या उंदरांची प्रमाणभूत पैदास सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखालीं वाढलेला हा वंश स्वभावानें माणसाळलेला आहे. त्याचें आयुष्य मात्र अवघें दोन ते तीन वर्षांचें असतें. माणसाच्या हिशेबानें जो एका आठवड्याचा हलगर्जीपणा, तो त्याच्या आयुष्यांत सहा-सात महिन्यांचा ठरतो.

म्हणून या प्राण्याच्या पालनांत सर्वांत उपयुक्त साधन कोणतें, असें कोणी विचारल्यास उत्तर एकच आहे: तराजू. एकेका ग्रॅमचें वजन दाखविणारा, स्वयंपाकघरांतला लहानसा कांटा पुरे आहे. पूर्ण वाढ झालेल्या मादीचें वजन साधारण २५० ते ३५० ग्रॅम, आणि नराचें ३५० ते ५०० ग्रॅम भरतें. ज्यांच्यावर इतर प्राण्यांची सदैव नजर असते असे लहान जीव आपलें दुखणें शेवटपर्यंत लपवितात. उंदीर हा त्यांपैकींच एक. त्याचा चेहरा पाहून तो आजारी आहे असें कळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. परंतु दर आठवड्यास वजन करून तें वहींत टिपलें, तर उतरतें वजन आधींच सूचना देतें. पुढें अन्नाचें माप आणि औषधाची मात्रा हीं दोन्हीं याच वजनावरून ठरवावयाचीं आहेत.

उंदराच्या अन्नाचा विचार भारतांत फार पूर्वींच, आणि तोहि मोठ्या बारकाईनें, होऊन गेला आहे. निलगिरीवरील कुन्नूर येथील प्रयोगशाळेंत डॉ. रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनीं १९२० नंतरच्या दशकांत पांढऱ्या उंदरांचे गट करून प्रत्येक गटास त्या वेळच्या हिंदुस्थानांतील एकेका लोकसमूहाचा आहार दिला. शीख आहारावर वाढलेले उंदीर प्रकृतीनें व वाढीनें पहिले आले. पठाणी आहाराचे दुसरे, मराठी आहाराचे तिसरे, आणि मुख्यतः सडलेल्या पांढऱ्या तांदुळावर अवलंबून असलेल्या मद्रासी आहाराचे शेवटचे. शीख आहारांत ताज्या कणकेच्या चपात्या, दूध, लोणी, डाळी, कच्च्या भाज्या, फळें आणि अधूनमधून थोडें मांस एवढ्या वस्तु होत्या. दुसऱ्या एका प्रयोगांत उंदरांच्या एका गटास पांढरा पाव, मार्गारीन, साखर घातलेला चहा, उकडलेल्या भाज्या, डब्यांतलें मांस व मुरंबा, असा इंग्लंडांतील गरीब घरांतला आहार दिला. ते उंदीर खुरटले, चिडखोर झाले, देखरेख करणाऱ्या नोकरांस चावूं लागले, आणि साठाव्या दिवसाच्या सुमारास बळकटांनीं दुबळ्यांना मारून खाण्यास आरंभ केला. मॅक्कॅरिसन यांनीं १९३६ मध्यें लंडन येथें दिलेल्या व्याख्यानांत ही सर्व हकीकत आलेली आहे. कुन्नूरची ती प्रयोगशाळा १९५८ मध्यें हैदराबादेस गेली, आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था या नांवानें ओळखली जाते.

हे प्रयोग माणसाच्या हितासाठीं केलेले होते. तथापि पाळीव उंदराच्या धन्यानें त्यांपासून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. उंदीर माणसाप्रमाणेंच धान्य, भाजी, मांस सर्व कांहीं खातो. आणि आपल्या घरांतील अन्नाचे गुणदोष माणसाच्या शरीरांत जे वर्षांनीं दिसावयाचे, ते त्याच्या अंगावर आठवड्यांत उमटतात.

आतां प्रमाणाकडे वळूं. दर १०० ग्रॅम वजनामागें उंदरास दिवसाला सुमारे ५ ग्रॅम कोरडें अन्न व १० ते १२ मिलिलिटर पाणी लागतें. म्हणजे ३५० ग्रॅमच्या उंदरास १७-१८ ग्रॅम अन्न पुरतें. चहाच्या वेळीं मुलें त्याला प्रेमानें बिस्किट देतात. त्या बिस्किटाचें वजन ५ ग्रॅम धरलें, तरी तें त्याच्या दिवसभराच्या अन्नाच्या पाव हिश्शाहून अधिक झालें. दोघां भावंडांनीं एकेक दिलें, तर निम्म्याहून अधिक आहार मैदा आणि साखर यांचाच झाला. मग पुढ्यांतलें सकस अन्न तो हुंगून सोडून देतो, आणि घरांतलीं माणसें म्हणतात कीं हा फार चोखंदळ आहे. त्याचा चोखंदळपणा आपणच त्याला शिकविलेला असतो.

तरीहि त्याच्या स्वभावांत मूळचीच एक खोड आहे. नाना प्रकारचीं धान्यें व बिया एकत्र करून वाटींत ठेविल्या, तर तो प्रथम सूर्यफुलाच्या बिया व शेंगदाणे उचलतो आणि बाकीचें तसेंच टाकून देतो. कागदावर आहार समतोल असला तरी पोटांत जातो तो केवळ चरबीचा. यासाठीं उंदरांकरितां तयार केलेल्या, सर्व घटक एकजीव झालेल्या कोरड्या गोळ्या हा आहाराचा पाया असावा. एकूण अन्नापैकीं सुमारे चार-पंचमांश भाग त्यांचा. वाढ झालेल्या उंदरास त्यांत प्रथिनें शेंकडा १४ ते १६ व स्निग्धांश शेंकडा ४ ते ५ असले म्हणजे पुरे. वाढत्या पिलांना व पिलें पाजणाऱ्या मादीला प्रथिनें याहून अधिक लागतात. उरलेला पंचमांश घरच्या स्वयंपाकांतून द्यावा: शिजवलेली ज्वारी किंवा नाचणी, हातसडीच्या तांदुळाचा भात, मुगाची डाळ, मेथीचीं पानें, गाजर, काकडी, मटार, आणि आठवड्यांतून एक-दोनदां उकडलेल्या अंड्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. हें सर्व फोडणी, मीठ व तिखट घालण्यापूर्वीं काढून ठेविलेलें असावें, आणि उरलेलें ओलें अन्न कांहीं तासांनीं पिंजऱ्यांतून उचलावें. गिनीपिगप्रमाणें त्याला क जीवनसत्त्व बाहेरून द्यावें लागत नाहीं. तें त्याच्या शरीरांतच तयार होतें. तो अधूनमधून स्वतःच्या लेंड्या खातो, तें पाहून किळस मानूं नये. आंतड्यांत तयार झालेलीं ब जीवनसत्त्वें तो अशा रीतीनें परत मिळवितो. त्याचे पुढचे दांत जन्मभर वाढत राहतात, वर्षाकांठीं दहा सेंटिमीटरांहून अधिक. म्हणून कुरतडण्यास कांहीं तरी कठीण वस्तु हवी. पाण्याच्या बाटलीची नळी दररोज बोटानें दाबून पाहावी. बाटली भरलेली, पण नळींतली गोळी अडकलेली, आणि उंदीर तहानेनें व्याकूळ, असा प्रकार सहज घडतो.

वर्ज्य पदार्थांचा विचार करतांना एक गोष्ट पक्की ध्यानांत धरावी: उंदरास वांति होत नाहीं. पोटांत गेलेलें विष बाहेर टाकण्याचा मार्ग निसर्गानें त्याला ठेविलेला नाहीं. म्हणूनच नवा पदार्थ तो आधीं कणभर चाखून थांबतो. चॉकलेट, कच्चा राजमा, हिरवा पडलेला बटाटा हे त्यास देऊं नयेत. सोड्याचीं पेयें पाजूं नयेत, कारण त्याला ढेकरहि देतां येत नाहीं. नराला संत्र्याची साल देऊं नये. तिच्यांतील लिमोनीन या द्रव्यानें नर उंदराच्या मूत्रपिंडास अपाय होतो, मादीला तसा होत नाहीं. शेंगदाण्याच्या बाबतींत तर विशेष सावधगिरी हवी. १९६० मध्यें इंग्लंडांत बुरशी आलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळें टर्की पक्षी हजारोंनीं मेले, आणि त्या शोधांतून ॲफ्लाटॉक्सिन हें विष उजेडांत आलें. या विषानें उंदराच्या यकृतास कर्करोग होतो. पावसाळ्यांत सर्द झालेल्या डब्याच्या तळचे, माणसांनीं खवट म्हणून बाजूस काढलेले दाणे उंदराच्या वाटींत टाकणें ही काटकसर नव्हे.

अति खाऊं घालणें हाहि एक प्रकारचा अपायच. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत क्लाइव्ह मॅके व त्यांचे सहकारी यांनीं १९३५ मध्यें असें दाखविलें कीं जीवनसत्त्वें व क्षार पुरेसे देऊन ज्या उंदरांचें एकूण अन्न आवरतें ठेविलें, ते यथेच्छ खाणाऱ्या उंदरांपेक्षां अधिक जगले. पाळलेल्या उंदरास उपाशी ठेवावें असा याचा अर्थ नाहीं. पण वहींतलें वजन दर आठवड्यास चढतच असेल, तर घरांतला लाड कमी केला पाहिजे.

आतां दुसरा प्रश्न, अंगावरील परोपजीवींचा. या बाबतींत घरांतील वडिलांची भीति निराधार नाहीं. तिला इतिहास आहे. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. पुढें १८९८ सालीं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनीं कराची येथें आजारी उंदीर व निरोगी उंदीर जाळीच्या आडोशानें एकमेकांपासून दूर ठेवून दाखविलें कीं रोग नेणारी आहे ती पिसू. मुंबईंत १९०५ नंतर काम करणाऱ्या प्लेग आयोगानें त्यास दुजोरा दिला. यावरून घ्यावयाची खबरदारी अशी, कीं पाळीव उंदराचा रानटी उंदराशीं, त्याच्या पिसवांशीं आणि त्याच्या मुताशीं संबंध येऊं देतां कामा नये. पावसाळ्यांत लेप्टोस्पायरोसिसचा उपद्रव अशाच मुतामुळें होतो. पिंजरा जमिनीवर ठेवूं नये, धान्य झांकणाच्या डब्यांत असावें, आणि उंदीर हाताळल्यावर मुलांनीं साबणानें हात धुवावेत. एवढें सांभाळलें तर भीतीचें कारण पुष्कळच कमी होतें.

उंदीर एकसारखा खाजवूं लागला, मानेवर व खांद्यांवर खपल्या दिसूं लागल्या, म्हणजे शोध घ्यावा. त्याला पांढऱ्या कागदावर धरून बारीक फणीनें केस विंचरावेत. कागदावर पिवळट-तपकिरी, हलणारे ठिपके पडले आणि केसांच्या मुळाशीं लिखा चिकटलेल्या आढळल्या, तर त्या उवा होत. त्या रक्त शोषतात, आणि फार झाल्यास उंदराचे कान व तळवे फिकट पडतात. ही ऊ माणसाच्या अंगावर नांदत नाहीं, एवढें समाधान मानावें. डोळ्यांना कांहींच न दिसतां खपल्या मात्र आहेत, तर बहुधा तें माइटचें काम असतें. हे कोळ्याच्या कुळांतले सूक्ष्म जीव. त्यांची एक जाति केसांत राहते. दुसरी कातडींत बिळें करते, आणि तिच्यामुळें कानांच्या कडा, नाक व शेपूट यांवर पिवळट, खरखरीत पुटें चढतात. तिसरी जाति दिवसा पिंजऱ्याच्या सांदींत दडून बसते, रात्रीं बाहेर पडून रक्त पिते आणि माणसांनाहि चावते; ती बहुधा रानटी उंदरांकडून येते. डोळ्यांभोंवतीं व नाकाशीं दिसणारा लाल डाग मात्र रक्ताचा नसतो. तो डोळ्यामागील ग्रंथींतून पाझरणाऱ्या रंगद्रव्याचा असून, उंदीर आजारी किंवा त्रस्त असल्याची ती खूण आहे.

पोटांतले जंत निराळे. सुतासारखे बारीक जंत उंदरांत पुष्कळदां आढळतात. पट्टकृमीची एक ठेंगणी जाति माणसालाहि, विशेषतः लहान मुलांना होऊं शकते. दुसरी एक जाति धान्यांतील किड्यांच्या द्वारें उंदराच्या पोटांत शिरते. म्हणून किडकें धान्य त्यास घालूं नये, आणि वजन उतरूं लागल्यास लेंड्यांची तपासणी पशुवैद्याकडून करवावी. या दोन प्रकारच्या जंतांचीं औषधें वेगवेगळीं आहेत. एकाचें औषध दुसऱ्यास चालत नाहीं.

बाहेरच्या परोपजीवींवर आज मुख्यतः जें औषध देतात त्याचें नांव आयव्हरमेक्टिन. जपानांतील मातीच्या एका नमुन्यांत सातोशी ओमुरा यांना सांपडलेल्या सूक्ष्मजीवापासून त्याची उत्पत्ति झाली. अमेरिकेंत विल्यम कँपबेल यांनीं त्यावर पुढील काम केलें, आणि १९१५ नव्हे तर थेट २०१५ सालीं त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळालें, इतकें हें औषध अलीकडचें आहे. औषध गुणकारी खरें, पण धोका त्याच्या मात्रेंत आहे. उंदराच्या दर किलोग्रॅम वजनास तें ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम देतात. ३०० ग्रॅमच्या उंदरास कमी मात्रेनें ०.०६ मिलिग्रॅम झालें. गुरांना टोंचावयाच्या औषधांत एका मिलिलिटरांत १० मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन असतें; त्या हिशेबानें उंदरास हवें तें ०.००६ मिलिलिटर. एक लहानसा थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरला, तर त्यांत ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे योग्य मात्रेच्या आठपटींहून अधिक औषध आहे. समजा, एखाद्या सद्‌गृहस्थांनीं ओळखीच्या गोठ्यांतून ती बाटली आणली, आणि मुलाची तळमळ पाहून उंदराच्या तोंडांत एकच थेंब सोडला. इतक्या जादा मात्रेनें उंदीर झोंकांड्या खाण्याचा, कांपूं लागण्याचा, निपचित पडण्याचा धोका असतो. आणि वांति तर त्याला होत नाहीं. ज्यानें मायेनें औषध दिलें, त्याच्याच हातून त्या मुलाच्या मित्रास अपाय होऊं शकतो.

हा प्रसंग टाळणें अवघड नाहीं. उंदीर पशुवैद्याकडे न्यावा, सोबत वजनाची वही न्यावी, आणि औषध मोजून, पातळ करून त्यांच्याकडूनच द्यावें. मानेवर एक थेंब सोडावयाचें सेलामेक्टिन हें औषधहि आहे. तेंहि वजनावरूनच ठरवावें लागतें. औषधानें जिवंत किडे मरतात, अंडीं मात्र राहतात. म्हणून एक-दोन आठवड्यांनीं, वैद्य सांगतील त्याप्रमाणें, तें पुन्हां द्यावें लागतें. खाज थांबली म्हणून दुसरी मात्रा चुकविली, तर महिन्याच्या आंत पहिलेच दिवस परत येतात. एका पिंजऱ्यांतील सर्व उंदरांना उपचार एकाच वेळीं व्हावा. गाभण मादी व लहान पिलें असल्यास तें आधींच सांगावें.

घरगुती उपायांबद्दल स्पष्ट सांगणें आवश्यक आहे. रॉकेल, कापूर, डांबराच्या गोळ्या, तंबाखूचें पाणी, कुत्र्याच्या अंगावर टाकावयाची पूड, यांपैकीं कांहींहि उंदरास लावूं नये. उंदीर दिवसांतून अनेकदां अंग चाटतो; त्याच्या कातडीला जें लावलें, तें पोटांत गेलेंच म्हणून समजावें.

औषधाइतकेंच महत्त्व पिंजऱ्यास आहे. उपचाराच्या प्रत्येक दिवशीं जुनें अंथरूण फेंकून द्यावें, पिंजरा कढत पाण्यानें व साबणानें धुवून उन्हांत वाळवावा, कुरतडलेलें लांकडी सामान टाकून द्यावें. अंथरुणास साध्या कागदाचे तुकडे उत्तम. नवें अंथरूण दोन दिवस शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेविल्यास त्यांतील किडे मरतात. देवदार व पाइन यांचा भुसा सुवासिक असला तरी वापरूं नये; त्याच्या वाफा उंदराच्या फुप्फुसांस व यकृतास बाधतात. मूत सांचून अमोनियाचा वास येऊं लागला, तर श्वासाचा विकार बळावतो.

शेवटीं, अन्न आणि खाज हे दोन प्रश्न एकमेकांपासून दूर नाहींत. निरोगी उंदीर जागेपणाचा मोठा भाग अंग साफ करण्यांत घालवितो, आणि सोबती असला तर ते परस्परांचेंहि अंग साफ करतात. थोडेसे माइट अनेकांच्या केसांत असतात. पण या निगेमुळें ते वाढत नाहींत. उंदीर म्हातारा, आजारी, एकाकी किंवा कुपोषित झाला, कीं त्यांची संख्या एकाएकीं वाढते. खाज सुरू झाल्यावर औषध तर द्यावेंच. पण वाटींत काय पडत होतें, पिंजरा शेवटचा केव्हां धुतला होता, आणि वजन कधींपासून उतरत होतें, हेंहि वहींत पाहावें. ज्या घरांत रविवारीं सकाळीं एखादा मुलगा उंदराला कांट्यावर बसवून, शेपटी बाहेर लोंबणार नाहीं अशी काळजी घेत, तारखेपुढें वजनाचा आंकडा लिहितो, त्या घरांतील उंदराला आपलें दोन-तीन वर्षांचें आयुष्य सुखानें घालवितां येतें. आणि तो मुलगा मायेला मापाची जोड देण्यास शिकतो.